नायनांचा उजवा हात

आमच्या घराच्या पुढच्या अर्ध्यात दोन माग होते आणि मागच्या अर्ध्यात आम्ही चौघं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत बहुतेक घरं अशीच होती. सकाळी सातला मागांच्या मोटारी सुरू झाल्या की गल्लीभर खटाखट खटाखट आवाज उठायचा आणि जेवणाची सुट्टी सोडली तर दिवे लागेपर्यंत थांबायचा नाही. मधल्या भिंतीला पाठ टेकली की तो आवाज मणक्यात शिरायचा. फळीवरचे पितळी डबे त्या हादऱ्यानं सरकत सरकत कडेला यायचे आणि अम्मा दिवसातून दोनदा त्यांना मागं ढकलायची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो. इथं मी मराठीत लिहिते, कारण शाळा मराठी झाली आणि लिहिता मला तेवढंच येतं. पण नायना, म्हणजे आमचे वडील, यांचा शब्द मला आजही तेलुगूतच ऐकू येतो, तोही मागांच्या आवाजावरून ओरडून काढलेला. त्या घरात कुणी हळू बोलतच नसे. माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सूनबाई, तू भांडतेस का बोलतेस?"

नायना आम्हाला मारायचे ते माग चालू ठेवून. हे मला फार उशिरा उमगलं, पण एकदा उमगल्यावर पुन्हा विसरता आलं नाही. एरवी ते इतके काटकसरी होते की चहाला उठले तरी माग बंद करून उठायचे. मारताना मात्र एक तरी माग जोरात चालू असायचा. त्या खटाखटीत माणूस कितीही ओरडला तरी शेजारच्या दारापर्यंत आवाज जात नाही. अन्ना, म्हणजे माझा मोठा भाऊ व्यंकटेश, याला ते मागापाशीच मारत. अम्माला मारायचं तर मागच्या खोलीत, चुलीजवळ. मला कमी मार बसला, कारण मी चटकन बाजूला व्हायची. मारून झालं की हात धुवायचे आणि ताटावर बसायचे. अम्मा पुंडीची भाजी वाढायची, भातावर चिंचेचा चारू ओतायची, आणि नायना उजव्या हातानं तो भात असा सुरेख कालवायचे की एकही शीत ताटाबाहेर जात नसे. त्या हाताचं गल्लीत नाव होतं. ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तुटलेला धागा जोडायला बाकीच्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात नायना तीन जोडायचे. नवे कारागीर ते बघायला यायचे आणि नायना त्यांना कौतुकानं दाखवायचे. परक्यांशी ते गोडच वागत.

अन्नाला ती गाठ येत नव्हती. तसं बघितलं तर गोष्ट सोपी आहे. डाव्या अंगठ्याखाली दोन टोकं आडवी धरायची, उजव्या हातानं एक धागा अंगठ्याच्या नखावरून फिरवून मागं न्यायचा, टोक त्या फासात दाबायचं आणि ओढायचं. गाठ मोहरीहून बारीक बसली पाहिजे, नाहीतर मागाच्या फणीत अडकते आणि शेजारचे धागे घेऊन तुटते. अन्ना पंधरा वर्षांचा होता, शाळेत बरा होता, सायकल हात सोडून चालवायचा. मागाजवळ उभा राहिला की मात्र त्याची बोटं लाकडाची व्हायची. नायना त्याला एकदा दाखवत, दोनदा दाखवत, आणि तिसऱ्यांदा दाखवायच्या आधीच थोबाडीत बसायची. "बघतोस कुठं? हाताकडं बघ माझ्या!" तो हाताकडं बघायचा. दुसरं काही बघतच नव्हता बिचारा. एकदा नायनांनी हातातला धोटाच त्याच्या तोंडावर मारला. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणारं ते होडीसारखं लाकूड. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चोच असते. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, खाली मागावर विणल्या जाणाऱ्या टॉवेलच्या पांढऱ्या काठावर ठिपके पडले. नायनांनी आधी टॉवेल पुसला.

मी त्या वेळी सातवीत होते. पोरींनी मागाला हात लावायचा नाही अशी पद्धत होती. अम्मा दारालगतच्या कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या गुंड्या, आणि शाळा सुटली की मी तिच्या मदतीला बसायची. बसल्या बसल्या नायनांचे हात दिसायचे. मी ते बघायची आणि मग न बघता पुन्हा बघायची, म्हणजे कसं ते सांगते. मला ते हात दिसायचे नाहीत, माझेच हात तसं करताहेत असं वाटायचं. डाव्या अंगठ्याच्या पेरात धाग्याचा चिमटा जाणवायचा. गणिताच्या तासाला, प्रार्थनेला, चारू ढवळताना मी गाठी मारत असायची आणि हात मात्र जागच्या जागी असायचे. पुढं एकदा नायना सूत आणायला बाहेर गेले असताना मी दोन टोकं हातात घेतली. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली. अम्मानं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. त्या दिवशी गल्ली अशी शांत व्हायची की भीती वाटायची. अन्ना आणि मी पत्र्यावर जाऊन बसायचो. एका अशा दुपारी त्याच्या भुवईचे टाके निघालेले होते, मी सुताचे तुकडे घेऊन वर गेले आणि त्याला म्हणाले, "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट तर. आता गाठ मार. हातानं नको, नुसती मनात. काय दिसतंय?"

त्यानं डोळे मिटले. "हात दिसतायत."

"कुणाचे?"

"नायनांचे."

"त्यांचे नको, तुझे बघ."

"माझे येतच नाहीत की. नायनांचेच येतात, समोरून. धागा फिरवतात, फास घालतात आणि मग..."

"मग काय?"

"मग उजवा हात वर जातो." त्यानं डोळे उघडले. कपाळाला घाम आला होता.

इतके दिवस मला वाटायचं की तो मंद आहे. नायना तसं म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्या दुपारी मला कळलं की गाठ त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत पोचतच नाही. मध्येच थोबाडीत बसते. मी त्याच्या अंगठ्याखाली टोकं ठेवली, त्याची बोटं धरली आणि म्हणाले, "बघूच नकोस. कुठल्या बोटाला काय लागतंय ते फक्त सांग." तो सांगायला लागला. आता अंगठ्याला लागतंय. आता नखावरून सरकतंय. आता पहिल्या बोटाला बोचतंय. मग मी धागा काढून घेतला आणि तेच पुन्हा सांगायला लावलं, रिकाम्या बोटांनी. असे आम्ही चार-पाच आठवडे पत्र्यावर बसलो. शेवटी शेवटी तो डोळे मिटून गाठी मारायला लागला. डोळे उघडले की चुकायचा.

माझी नात फिजिओथेरपीचं शिकते. मागच्या उन्हाळ्यात तिनं मला एक प्रश्नावली भरायला दिली होती. गुडघा उचलल्याचं मनात किती स्पष्ट दिसतं, त्याला गुण द्या. मग उचलल्यासारखं किती जाणवतं, त्याला वेगळे गुण द्या. दिसणं आणि जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिच्या कागदावर वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मोठेपणी तीस वर्षं मी शर्ट शिवायच्या कारखान्यात नव्या पोरींना मशीन शिकवलं. पहिल्या दिवशी मी त्यांना मशीनला हात लावू देत नसे. खुर्चीवर बसवून डोळे मिटायला लावायची आणि कॉलर कशी फिरवशील ते तोंडानं सांग म्हणायची. जिला ते नीट सांगता येई ती बहुधा आठवड्यात तयार व्हायची. काही जणींना काहीच दिसत नसे, तरी हात झकास चालायचा, तेही पाहिलंय. पण एखादी डोळे मिटताच दचकली तर मी तिच्या घरची चौकशी करायची.

पत्र्यावरच्या त्याच दिवसांत मी मनातल्या मनात आणखी एक गोष्ट शिकायला लागले होते. ती मी अन्नालाही सांगितली नाही. नायना मारायच्या आधी नाकानं श्वास घ्यायचे. मग उजवा खांदा वर यायचा, कोपर बाहेर जायचं आणि हात कानामागं जाऊन क्षणभर थांबायचा. तो थांबलेला क्षण मी पकडला होता. त्या क्षणी आत शिरायचं, दोन्ही हातांनी मनगट धरायचं, सगळं अंग त्यावर टाकून हात खाली आणि बाहेर ओढायचा, सोडायचा, मागं व्हायचं. एवढंच. मारायचं माझ्या मनात नव्हतं, फक्त हात खाली आणायचा होता. कांड्या भरताना मी ते करायची. भाकरी थापतानाही. सुरुवातीला मनातसुद्धा मनगट हातातून निसटायचं, मग निसटेनासं झालं. त्यांच्या मनगटावरचे केस माझ्या तळव्याला टोचायचे. आणि हे सगळं नेहमी मागच्या खोलीत घडायचं, चुलीजवळ, कारण मला अम्माला सोडवायचं होतं. नायनांच्या मागं भिंत असायची आणि भिंतीवर डब्यांची फळी.

प्रत्यक्षात ते घडलं घराच्या पुढच्या भागात, मागांपाशी. सकाळची वेळ होती. ओळीनं तीन धागे तुटले होते. अन्नानं पहिला जोडला, दुसरा जोडला आणि दोन्ही गाठी बारीक बसल्या. मी चरख्यावरून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्याला नायना त्याच्या खांद्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लवकर." त्यानं मान वळवून त्यांच्या हाताकडं पाहिलं आणि संपलं. बोटं थांबली. नायनांनी त्याला केसाला धरून खाली पाडलं, पोटात लाथ घातली आणि कोपऱ्यातला मागाचा मोडका दांडा उचलला. शेजारचा माग चालूच होता. अन्नानं डोकं वाचवायला दोन्ही हात वर धरले आणि दांडा त्याच्या बोटांवर बसला. पुन्हा बसला. तो ओरडत होता ते मला दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. अम्मा मध्ये पडली तशी तिच्या कानशिलात बसून ती चरख्यावर आदळली. नायनांना त्याच्या डोक्यावर मारायचं नव्हतं, ते त्याच्या बोटांवरच मारत होते. अन्नाच्या एका नखातून रक्त आलं. दांडा तिसऱ्यांदा कानामागं गेला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. मनगट माझ्या हातात होतं आणि केस तळव्याला टोचत होते, अगदी तसंच. मी अंग टाकलं, हात खाली आला, बाहेर गेला, मी सोडला आणि मागं झाले. एकही गोष्ट चुकली नाही. नायना स्वतःच्याच जोरानं गर्रकन फिरले, दांडा सुटला, आणि तोल सावरायला त्यांनी तोच हात पुढं टेकला. पुढं चालू माग होता. फणीची जड चौकट दर खटक्याला पुढं येऊन कापडावर आपटते, तिच्या आणि पुढच्या आडव्या लोखंडाच्या मध्ये तो हात गेला. एक ठोका. दुसरा ठोका. तिसरा. नायनांचं तोंड उघडं होतं. मी उभी होते. मी मनात शिकले होते ते तिथंच संपत होतं. पुढचं काही मला पाठ नव्हतं. अन्ना रांगत आला आणि त्याच फुटलेल्या बोटांनी त्यानं मागाचं हँडल ओढलं.

आवाज थांबला तसा नायनांचा ओरडा ऐकू आला. सूत ओढणारे हातगाडीवाले दगडूमामा बाहेर गाडी उतरवत होते, ते धावत आत आले. ते वैरागकडचे. "आरं बाबा! बोटं हायत का गेली? पोरी, बघती काय, फडकं आन की!" मी फडकं आणलं. त्यांनी हात बांधला आणि विचारलं, "कसं झालं हो ह्ये?"

नायना माझ्याकडं बघत होते. ओठ पांढरे पडले होते. "घसरलो," ते मराठीत म्हणाले.

"आनि ह्या पोराला काय झालं?"

 दगडूमामांनी आम्हा सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि नायनांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं आणि मधली दोन बोटं चेचली होती. नायना आठ दिवसांनी घरी आले, कोपरापर्यंत प्लास्टर. अन्नाची बोटं सुजली होती पण मोडली नव्हती, त्यामुळं एक माग त्यानं चालू केला. नायना घरात नव्हते तेवढ्या दिवसांत तो असा झरझर शिकला की शेजारचे कारागीर आश्चर्य करायला लागले. नायना आल्यावर खाटेवर पडून छताकडं बघायचे. जेवायला डावा हात. चारूभात मांडीवर सांडायचा. एकदा अम्मा भरवायला गेली तर त्यांनी डाव्या हातानं तिला मारलं. फटका कसाबसा खांद्याला लागला, ताट उडालं. डाव्या हाताला मारता येत नव्हतं. त्यांनी पुन्हा मारलं, मग पुन्हा, आणि तिसरा नीट गालावर बसला. मी दारात उभी होते. डावा हातही शिकणार, हे मला तिथं दिसलं. अम्मानं शितं गोळा केली आणि परत वाढून आणलं.

प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळक्या शेंगेसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "हाडं जुळलीत. आता बोटं तुम्हीच हलवायची, आम्ही काही करू शकत नाही." नायना मागापाशी जाऊन उभे राहिले, दोन टोकं धरली आणि एक टोक सुटलं. परत धरलं, परत सुटलं. आमच्याकडं पाठ होती. खांदे हलायला लागले तेव्हा अन्ना बाहेर निघून गेला. दोन दिवसांनी ते माझ्याजवळ आले आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "व्यंकटेश म्हणाला, तू शिकवलंस त्याला."

 संध्याकाळी अम्मानं मला भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. "त्या हाताला शिकवू नकोस," ती म्हणाली. "देवानं मोडलाय तो."

"देवानं नाही, मी मोडलाय."

"मी बघितलंय. म्हणून सांगते, परत जोडू नकोस."

अम्मानं मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी सांगितल्या आणि मी त्यातली ही ऐकली नाही. का, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. डावा हात मारायला शिकतोच आहे, मग उजव्यानं निदान काम तरी करावं, असा एक हिशेब होता. शिवाय माझी झोप उडाली होती. डोळे मिटले की तीन ठोके ऐकू यायचे.

वीज नसलेल्या दुपारी मी नायनांना खाटेवर बसवलं. पहिल्यांदाच मी त्यांना काहीतरी करायला सांगत होते. "डोळे मिटा. मनात गाठ मारा. काय दिसतंय?"

"तू," ते म्हणाले.

"मी?"

"तू येतेस. मनगट धरतेस." आवाज अगदी कोरडा होता. मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरंही वाटलं. या वयात ते लपवून काय करू?

"मग बघू नका," मी म्हणाले. "कुठल्या बोटाला काय लागतंय ते सांगा."

नायना अन्नाहून कितीतरी भराभर शिकले. आत सगळं शाबूत होतं. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "आतला हात अजून तसाच पळतो. बाहेरचा मागं राहतो." मग आम्ही आतल्या हाताला सावकाश चालायला लावलं, बाहेरचा गाठेपर्यंत थांबवलं. मी त्यांची वाळकी बोटं माझ्या बोटांत धरून बसायची. त्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी कुणालाही मारलं नाही आणि मला वाटलं, झालं, बदलले. एकदा तर त्यांनी माझ्यासाठी बाजारातून पेरू आणले. आणि एका सकाळी त्यांनी तुटलेला धागा उजव्या हातानं जोडला. गाठ जाड होती, पण फणीतून गेली. अन्ना हसला, मी हसले. अम्मा कांडी भरत राहिली.

महिना गेला असेल. अन्नानं काठातल्या एका गाठीचं टोक लांब ठेवलं होतं, एवढंच निमित्त झालं. मी खांदा वर जाताना पाहिला, पण मी लांब होते. उघड्या पंजाची चपराक अन्नाच्या कानावर बसली. माग चालू होता. अन्ना पडला नाही. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली. त्यानं हात लांब करून त्या मागाचं हँडल ओढलं, मग चालत जाऊन दुसऱ्याचंही ओढलं. शांतता झाली. तो परत येऊन नायनांपुढं उभा राहिला.

"आता मारा," तो म्हणाला. "ऐकू जाऊ दे गल्लीला."

नायनांचा हात वर होता. बाहेर दगडूमामांची गाडी थांबल्याचा आवाज आला. समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. नायनांनी हात खाली घेतला आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी अन्ना भिवंडीला गेला, अम्माच्या भावाच्या मागांवर. स्टेशनवर मी भाकरी आणि शेंगाचटणी दिली. त्यानं चांगला कान माझ्याकडं केला होता. "तुझी चूक नाही," तो म्हणाला, मी काही विचारलं नसताना. तो तिथंच राहिला, तिथंच त्याचं लग्न झालं. लग्नकार्यात भेटतो तेव्हा अजून डावीकडं वळूनच ऐकतो. मार बसलेला कान पुन्हा ऐकू लागला नाही. ज्या हातानं तो गेला तो हात मी शिकवून तयार केला होता, हे मी त्या वेळी कुणाला बोलले नाही, आज लिहिते आहे. अम्मानं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

अन्ना गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला मोटारी सुरू झाल्या. नायना आपल्या मागावर उभे राहिले. अम्मा चरख्यावरून उठली, पदर कमरेला खोचला आणि अन्नाच्या मागापुढं जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," नायना ओरडले. "तुला येत नाही."

तिनं हँडल ढकललं. धोटा पळायला लागला. बाईमाणूस मागावर उभं आहे हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. थोड्या वेळात धागा तुटला. तिनं माग थांबवला, टोक शोधलं, बाकीच्या धाग्यांतून बरोबर वाट काढत आणलं, अंगठ्याखाली धरलं आणि गाठ मारली. सावकाश, पण बारीक. मी जवळ जाऊन विचारलं, "कधी शिकलीस?"

"समोरच बसले होते ना एवढी वर्षं," ती म्हणाली.

दुपारच्या सुमाराला धोटा ताण्यातच अडकला आणि चाळीसेक धागे एकदम तुटले. नायना तिकडून आले. नाकानं घेतलेला श्वास मला दिसला आणि मी उठले. अम्मानं मागं वळून पाहिलंही नाही. आपला माग तिनं थांबवलेला होताच. ती दोन पावलं चालून नायनांच्या मागाजवळ गेली आणि त्याचंही हँडल ओढलं. मग गुडघ्यावर बसून तुटलेली टोकं एकेक करून निवडायला लागली. नायना तसेच उभे. गल्लीतले बाकीचे माग लांब कुठंतरी वाजत होते, आमच्याकडं तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"कांड्या संपल्यात," ती म्हणाली. "भरायला बसा."

 नायना कोपऱ्यात गेले, तिच्या पाटावर बसले आणि त्यांनी चरखा फिरवला. पहिली कांडी भरायला त्यांना फार वेळ लागला. ती घेऊन ते तिच्याजवळ आले. अम्मानं अंगठ्यानं दाबून पाहिली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"सैल आहे," ती म्हणाली. "पुन्हा भरा."